क्षारपड जमीन आणि गहू

क्षारपड जमिनीचा गव्हावरील परिणाम हा कृषिशास्त्र, मृदाशास्त्र व वनस्पती-शरीरक्रियाशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासाचा विषय आहे. मुळांच्या कक्षेतील पाण्यात विद्राव्य क्षारांचे प्रमाण वाढले, अथवा मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढले, की गव्हाची उगवण लांबते, फुटवे कमी येतात, ओंबीतील दाण्यांची संख्या घटते आणि उत्पादन खालावते. गहू हे पीक क्षारांच्या बाबतीत मध्यम सहनशील मानले जाते. सातू (जव) त्याहून अधिक सहनशील आहे, तर भात, मका व बहुतेक कडधान्ये त्याहून नाजूक आहेत. जगातील गव्हाचे मोठे क्षेत्र सिंचित व कोरड्या हवामानाच्या प्रदेशांत असल्याने आणि क्षार साचण्यास तेच हवामान अनुकूल असल्याने या प्रश्नाला अन्नसुरक्षेच्या दृष्टीने महत्त्व आहे.

संज्ञा आणि मोजमाप

मराठीत या जमिनींसाठी अनेक शब्द रूढ आहेत आणि त्यांच्या वापरात बराच गोंधळ आढळतो. शास्त्रीय अर्थाने ‘खारवट’ जमीन म्हणजे जिच्यात सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची क्लोराईडे आणि सल्फेटे विद्राव्य स्वरूपात जास्त आहेत अशी जमीन. उन्हाळ्यात तिच्या पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो. ‘चोपण’ जमिनीत विद्राव्य क्षार फारसे नसतात, परंतु चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या धनायनांमध्ये सोडियमचा वाटा मोठा असतो. ती ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी कठीण होते. दोन्ही दोष एकत्र असल्यास जमिनीला ‘खारवट-चोपण’ म्हणतात. पाण्याचा निचरा न होणारी ती ‘चिबड’. ‘क्षारपड’ हा शब्द बोलण्यात या सर्वांना सरसकट लावला जातो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. खारवट जमिनीवरचा उपाय चोपण जमिनीत केला तर ती सुधारण्याऐवजी अधिक बिघडू शकते.

खारवटपणा मातीच्या संपृक्त अर्काच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. तिचे एकक डेसीसायमन प्रति मीटर असे आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या हस्तपुस्तिकेतील वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. त्यानुसार वाहकता ४ पेक्षा अधिक असल्यास जमीन खारवट, आणि विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास चोपण ठरते. चोपण जमिनीचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो. तुलनेसाठी समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५० असते.

शेतात क्षार साचण्याची कारणे

क्षार मुळात खडकांच्या झिजेतून, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्या-पावसातून आणि भूजलातून येतात. पुरेसा पाऊस व चांगला निचरा असेल तेथे ते वाहून जातात. कोरड्या प्रदेशात मात्र जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा बाष्पीभवन अधिक असते. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात.

सिंचनाने हा हिशेब किती लवकर बिघडतो हे साध्या गणिताने दाखवता येते. ज्या पाण्याची वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटर आहे, त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. असे पाणी पिण्यास थोडे मचूळ लागले तरी सिंचनासाठी सर्रास वापरले जाते. गव्हाला ६ सेंटिमीटर उंचीची एक पाळी दिली तर हेक्टरी ६०० घनमीटर पाणी लागते आणि त्याबरोबर सुमारे ३८४ किलोग्रॅम क्षार शेतात येतात. पाच पाळ्यांच्या एका हंगामात हा आकडा १.९ टनांवर जातो. पीक त्यांतील फार थोडे क्षार शोषून घेते. उरलेले क्षार मुळांच्या खाली धुऊन नेण्याइतके जादा पाणी आणि ते बाहेर काढणारा निचरा नसेल, तर ते वर्षानुवर्षे साठत जातात.

कालव्यांच्या क्षेत्रात दुसरेही एक कारण घडते. झिरपणाऱ्या पाण्यामुळे भूजलाची पातळी वर येते. ती पृष्ठभागापासून सुमारे दीड-दोन मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने खारे पाणी वर चढू लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहू पट्ट्यात तर सिंचन नसतानाही हेच घडले. तेथे खोल मुळांची मूळ वनराई तोडून तिच्या जागी कमी पाणी ओढणारी हंगामी पिके घेतल्याने भूजल वर आले आणि खोलवर साठलेले क्षार त्याबरोबर वर आले. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्याने वृक्षतोड आणि ओढ्यांच्या पाण्यातील वाढते क्षार यांचा संबंध १९२४ मध्येच एका शोधनिबंधात मांडला होता.

गव्हाच्या रोपावर होणारा परिणाम

क्षारांचा परिणाम दोन टप्प्यांत होतो, ही मांडणी ऑस्ट्रेलियातील वनस्पतिशास्त्रज्ञ राणा मन्स यांच्या संशोधनातून रूढ झाली. पहिला टप्पा पाण्याच्या टंचाईचा आणि दुसरा विषबाधेचा आहे.

पहिल्या टप्प्यात क्षार अद्याप रोपात शिरलेले नसतात. ते मुळांच्या बाहेरच असतात, पण त्यांच्यामुळे मातीतील पाण्याचा परासरण दाब (तर्षण दाब) वाढतो आणि मुळांना पाणी ओढून घेणे अवघड होते. वाहकता १० असलेल्या संपृक्त अर्काचा परासरण दाब सुमारे ०.३६ मेगापास्कल भरतो. शेतात वापसा असताना मातीतील पाणी संपृक्त अवस्थेच्या साधारण निम्मे असते, त्यामुळे प्रत्यक्षात दाब दुपटीच्या आसपास जातो. माती आणखी वाळली की तो आणखी वाढतो. रोपे १.५ मेगापास्कलच्या ताणाला कायमची कोमेजतात असे मानले जाते, हे लक्षात घेतले तर ओल्या दिसणाऱ्या शेतातही गहू तहानलेला का असतो, हे समजते.

रोप याला काही मिनिटांत प्रतिसाद देते. पानांच्या वाढीचा वेग घटतो, नवी पाने लहान निघतात, पर्णरंध्रे काही प्रमाणात मिटतात. गव्हाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फटका पानांच्या बगलेतील कळ्यांना बसतो. त्या सुप्तच राहतात आणि फुटवे येत नाहीत. अशा शेतातील रोपे आजारी दिसत नाहीत. ती गडद हिरवी, पण खुजी आणि विरळ दिसतात. शेजारी चांगल्या जमिनीतील पीक नसेल तर नुकसान होत असल्याचे लक्षातही येत नाही.

दुसरा टप्पा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सुरू होतो. मुळे जे पाणी शोषतात त्याबरोबर थोडे सोडियम व क्लोराईड आत येतेच. रोप बाष्पोच्छ्वासाने पाणी सोडून देते, क्षार मात्र पानांत साठतात. पानांत टिकून राहणाऱ्या पाण्याच्या सुमारे पन्नास पट पाणी रोपातून वाहून जाते. याचा अर्थ मुळांनी शंभरातले ९८ भाग सोडियम बाहेरच अडवले, तरच पानातील सोडियमची संहती मातीतील संहतीइतकी राहील. अडवण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांवर आले, तर पानांत पोहोचणारे सोडियम दुप्पट होईल. दोन टक्क्यांचा हा किरकोळ वाटणारा फरक सहनशील आणि नाजूक वाणांमधील अंतर ठरवू शकतो.

पेशीरसात सोडियम वाढले की ते पोटॅशियमची जागा घेऊ पाहते. अनेक विकरांना (एन्झाइमांना) पोटॅशियमची गरज असते. सोडियम ती भागवू शकत नाही, उलट त्यांच्या कामात अडथळा आणते. यावर पेशी सोडियमला रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या मध्यभागी असलेल्या द्रवाच्या पिशवीत, कोंडून ठेवते आणि पेशीरसात ग्लायसीन बीटेन व प्रोलीन यांसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठवून दोन्हीकडचा दाब समतोल राखते. हे सर्व करण्यास ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा वाढीतून वजा होते. रिक्तिका भरली की पान टोकाकडून व कडांकडून पिवळे पडून वाळते. जुनी पाने आधी जातात, कारण त्यांत सर्वाधिक काळ क्षार साठलेले असतात. नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा जुनी मरण्याचा वेग अधिक झाला, तर रोपाला दाणे भरण्याइतके अन्न तयार करता येत नाही.

वाढीच्या अवस्था आणि उत्पादन

उगवणीच्या वेळी गहू पुष्कळ क्षार सोसतो. बियाणे उशिरा आणि विषम प्रमाणात उगवते, पण उगवते. त्यानंतरची रोपावस्था व फुटव्यांची अवस्था सर्वांत नाजूक असते. याच काळात, ओंबी डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी, खोडाच्या टोकाशी तिची सूक्ष्म जडणघडण सुरू असते आणि तिच्यात किती कणसुली (लघुपुष्पगुच्छ) असतील हे ठरत असते. त्या वेळी क्षारांचा ताण असेल, तर फुटवे आणि कणसुली या दोन्हींची संख्या घटते, आणि नंतर कितीही गोडे पाणी दिले तरी ती भरून निघत नाही. पोटरीत आल्यानंतर, विशेषतः फुलोऱ्यानंतर, गव्हाची सहनशीलता वाढते. शेतकऱ्याकडे थोडे गोडे आणि बरेच खारे पाणी असेल, तर गोडे पाणी पेरणीपूर्वी व पहिल्या पाळ्यांना आणि खारे पाणी नंतर वापरावे, या शिफारशीचा आधार हाच आहे.

उत्पादनातील घटीचा मुख्य वाटा प्रति चौरस मीटर ओंब्यांची संख्या कमी होण्याचा असतो. त्यानंतर प्रत्येक ओंबीतील दाणे येतात. दाण्याचे वजन तुलनेने कमी बदलते. पीक काही दिवस लवकर पक्व होते. उत्पादन घटले तरी दाण्यातील प्रथिनांची टक्केवारी अनेकदा थोडी वाढलेली आढळते. हा गुणवत्तेचा लाभ मानण्यात फारसा अर्थ नाही, कारण पिष्टमय भाग कमी साठल्याचाही तो परिणाम असतो.

उत्पादन व क्षार यांचा संबंध दाखवण्यासाठी मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेले सूत्र सर्वत्र वापरले जाते. त्यानुसार एका ठरावीक मर्यादेपर्यंत उत्पादनावर परिणाम होत नाही, आणि त्यापुढे ते सरळ रेषेत घटते. गव्हासाठी ही मर्यादा ६ डेसीसायमन प्रति मीटर असून पुढील प्रत्येक एककाला उत्पादन ७.१ टक्क्यांनी घटते. म्हणजे वाहकता ८ असता सुमारे ८६ टक्के, १० असता ७२ टक्के, १३ असता निम्मे उत्पादन येते आणि २० च्या आसपास काहीच येत नाही. सातूसाठी हेच आकडे ८ आणि ५ टक्के, भातासाठी ३ आणि १२ टक्के, तर मक्यासाठी १.७ आणि १२ टक्के आहेत.

हे आकडे तक्त्यांत अचूक दिसतात तितके स्थिर नसतात. कॅलिफोर्नियातील पुढच्या प्रयोगांत अर्ध-ठेंगण्या गव्हासाठी मर्यादा ८.६ व घट केवळ ३ टक्के अशी आढळली. हवामान, मातीतील जिप्समचे प्रमाण, वाण आणि क्षारांचा ताण कोणत्या अवस्थेत सुरू झाला यांनुसार आकडे बदलतात. बहुतेक चाचण्यांत रोपे नीट रुजल्यानंतर खारे पाणी सुरू केलेले असते. ज्या शेतात उगवणच तुटक झाली आहे तेथे हे सूत्र नुकसान कमी दाखवते.

चोपण जमिनीतील गहू

चोपण जमिनीत गव्हाचे नुकसान प्रामुख्याने मातीच्या घडणीतून होते. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात विखुरतात आणि मातीतील छिद्रे बुजवतात. पाणी आत मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. पृष्ठभागावर धरलेली पापडी कोंबाला बाहेर येऊ देत नाही. सामू अधिक असल्याने जस्त, लोह व स्फुरद ही अन्नद्रव्ये जमिनीत असूनही पिकाला उपलब्ध होत नाहीत. कॅल्शियमची उणीव भासते.

पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात मुकुटमुळे फुटतात आणि त्याच वेळी गव्हाला पहिले पाणी दिले जाते. चोपण शेतात हे पाणी दोन-तीन दिवस साचून राहिले, तर पीक पिवळे पडते. याचे कारण केवळ हवेचा अभाव नाही. सोडियम अडवण्यासाठी मुळांना ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून मिळते. प्राणवायू नसेल तर ही राखण ढिली पडते आणि सोडियम व क्लोराईड पानांकडे वेगाने जाऊ लागतात. क्षार आणि साचलेले पाणी यांचे एकत्रित नुकसान दोघांच्या स्वतंत्र नुकसानीच्या बेरजेपेक्षा पुष्कळदा अधिक असते. त्यामुळे अशा जमिनीत हलक्या, पण अधिक वेळा पाळ्या देण्याची पद्धत आहे.

सहनशीलतेची अनुवंशिकता

साधा गहू (चपातीचा गहू) हा षट्गुणित असून त्याच्या ४२ गुणसूत्रांत अ, ब आणि ड असे तीन जीनोम एकत्र आलेले आहेत. बन्सी व बक्षी या नावांनी महाराष्ट्रात ओळखला जाणारा कठीण गहू (ड्युरम) आणि खपली गहू हे चतुर्गुणित असून त्यांत ड जीनोम नाही. ड जीनोममधील चौथ्या गुणसूत्रावर केएनए-१ हे स्थान आहे. तेथील जनुक मुळातील जलवाहिन्यांभोवतीच्या पेशींत एक वाहक प्रथिन तयार करते. हे प्रथिन वर चाललेल्या रसातून सोडियम परत ओढून घेते. कठीण गव्हात ही सोय नसल्याने त्याच्या पानांत अधिक सोडियम साठते आणि तो सामान्यतः अधिक नाजूक ठरतो.

कठीण गव्हाच्या एका असामान्य वंशात मात्र सोडियम अडवण्याची क्षमता आढळली. शोध घेता ती ट्रिटिकम मोनोकॉकम या प्राचीन द्विगुणित गव्हाशी झालेल्या जुन्या संकरातून आल्याचे दिसले. तिच्यामागील दोन जनुकस्थानांना नॅक्स-१ आणि नॅक्स-२ अशी नावे देण्यात आली. नॅक्स-२ असलेल्या कठीण गव्हाने ऑस्ट्रेलियातील खारवट शेतात नॅक्स-२ नसलेल्या भावंड-वंशापेक्षा २५ टक्के अधिक उत्पादन दिल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतील सहनशीलता शेतातील धान्यात उतरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण असल्याने त्याची मोठी चर्चा झाली. हा लाभ अधिक क्षार असलेल्या शेतापुरता होता. चांगल्या जमिनीत दोन्ही वंशांच्या उत्पादनात लक्षणीय फरक नव्हता.

पानातील सोडियम कमी ठेवणे म्हणजेच सहनशीलता, असे समीकरण पुष्कळ लिखाणात गृहीत धरलेले दिसते. ते अपुरे आहे. साध्या गव्हाच्या वाणांमध्ये पानातील सोडियम आणि उत्पादन यांचा संबंध अनेकदा क्षीण आढळतो, कारण काही वाण सोडियम आत घेऊनही पेशींत सुरक्षित कोंडून ठेवतात, आणि पहिल्या टप्प्यातील पाण्याच्या ताणावर सोडियम अडवण्याने काहीच फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. क्षारपड शेत क्वचितच एकसारखे असते. एकाच वाफ्यात काही ठिकाणी क्षार भरपूर, काही ठिकाणी नगण्य असतात, आणि शेतातून येणाऱ्या धान्याचा मोठा भाग चांगल्या तुकड्यांतूनच येतो. त्यामुळे अशा प्रदेशासाठीही चांगल्या जमिनीत भरघोस उत्पादन देणारे वाणच निवडावेत, असा युक्तिवाद रिचर्ड्स यांनी १९८३ मध्ये केला होता. संपूर्ण शेतच तीव्र चोपण असेल तेथे तो लागू पडत नाही, आणि भारतात अशी शेते पुष्कळ आहेत.

खारचिया आणि भारतीय वाण

राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील खारची परिसरात शेतकरी पिढ्यानपिढ्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यावर एक स्थानिक गहू घेत आले. त्याला खारचिया म्हणतात. तो उंच वाढतो, लोळतो, त्याचा दाणा लालसर असतो आणि तांबेऱ्याला तो सहज बळी पडतो. चांगल्या जमिनीत त्याचे उत्पादन सुधारित वाणांच्या जवळपासही येत नाही. तरीही क्षारसहिष्णू गव्हाच्या पैदाशीत जगभर ज्याचा दाता म्हणून उपयोग झाला असा हा वाण आहे. त्यातून खारचिया ६५ हा वाण तयार झाला. तो गहू ज्या शेतकऱ्यांनी टिकवला त्यांची नावे कोणत्याही पैदास-नोंदीत नाहीत.

हरियाणातील कर्नाल येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने खारचिया ६५ आणि डब्ल्यूएल ७११ यांच्या संकरातून केआरएल १-४ हा वाण विकसित केला. पुढे केआरएल १९, केआरएल २१०, केआरएल २१३ आणि केआरएल २८३ हे वाण आले. यांतील काही वाण सामू ९.३ पर्यंतच्या जमिनीतही समाधानकारक उत्पादन देतात. पाकिस्तानात फैसलाबाद येथील एलयू २६ एस आणि इजिप्तमधील सखा ८ हेही परिचित सहनशील वाण आहेत.

इतिहास

मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागातील गव्हाची कथा या विषयातील सर्वांत जुनी आणि सर्वांत वादग्रस्त आहे. थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये असे मांडले की, इ.स.पू. ३५०० च्या सुमारास तेथे गहू व सातू जवळजवळ समप्रमाणात घेतले जात. इ.स.पू. २५०० च्या सुमारास गव्हाचा वाटा सहाव्या हिश्श्यावर आला, इ.स.पू. २१०० पर्यंत तो दोन टक्क्यांवर घसरला आणि इ.स.पू. १७०० पर्यंत गहू नाहीसा झाला. सिंचनाने जमीन खारावली आणि क्षार अधिक सोसणाऱ्या सातूने गव्हाची जागा घेतली, असा त्यांचा निष्कर्ष होता. मार्व्हिन पॉवेल यांनी १९८५ मध्ये त्यावर आक्षेप घेतले. मृत्तिकापट्टिकांतील मापांचा अर्थ, बियाण्याचे प्रमाण आणि सुमेरी शेतकऱ्यांना असलेले क्षार धुण्याचे ज्ञान यांचा विचार केला, तर ऱ्हासाचे चित्र इतके सरळ राहत नाही. पाठ्यपुस्तके जेकबसेन-अ‍ॅडम्स यांचे आकडे देतात, आक्षेपांचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

भारतीय उपखंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम यमुना कालव्याच्या परिसरात शेतांवर ‘रेह’ नावाचा पांढरा थर पसरू लागला आणि गव्हाची गावे ओस पडण्याच्या तक्रारी सरकारदरबारी गेल्या. पंजाबातील कालवा वसाहतींतही पुढे हेच घडले. पाकिस्तानने १९६० च्या दशकात भूजल उपसणाऱ्या नलिकाकूपांचा मोठा कार्यक्रम त्यासाठीच हाती घेतला.

जमीन सुधारणा व पीक व्यवस्थापन

खारवट जमिनीत उपाय तत्त्वतः सोपा आहे. चर किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करायचा आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. अडचण खर्चाची आणि सामुदायिक निर्णयाची असते. एका शेताचा निचरा शेजारच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याला तो करता येत नाही. बाहेर पडलेले खारे पाणी शेवटी कोठे सोडायचे, हाही प्रश्न उरतो.

चोपण जमिनीत नुसते पाणी दिल्याने विद्राव्य क्षार जातात, सोडियम मात्र कणांना चिकटून राहते आणि माती अधिकच विखुरते. तेथे आधी जिप्सम लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवते आणि तयार झालेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली जाते. गंगा-यमुनेच्या मैदानात हेक्टरी १० ते १५ टन जिप्सम टाकून पहिल्या वर्षी खरिपात भात व रब्बीत गहू घेण्याची पद्धत यशस्वी झाली. भात साचलेले पाणी सोसतो आणि त्या पाण्याने सोडियम धुतले जाते. पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशातील मोठे उसर क्षेत्र या मार्गाने पुन्हा गव्हाखाली आले. धैंच्याचे हिरवळीचे खत, शेणखत व मळी यांचाही उपयोग होतो.

पेरणीच्या वेळी रान गोड्या पाण्याने भिजवून वापसा आल्यावर पेरणी करणे, बियाण्याचे व नत्राचे प्रमाण नेहमीपेक्षा सुमारे चतुर्थांशाने वाढवणे, चोपण जमिनीत जस्त सल्फेट देणे आणि काढणीनंतर काड जमिनीवर पसरून बाष्पीभवन रोखणे, या गोष्टींनी नुकसान कमी होते.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात सुमारे ६७.३ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित असल्याचे मानले जाते. महाराष्ट्रात हे क्षेत्र सुमारे ६ लाख हेक्टर असून त्यात चोपण जमिनीचा वाटा मोठा आहे. नीरा कालव्याच्या खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. आज सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कृष्णाकाठ, तसेच पुणे, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील कालव्यांखालील क्षेत्र प्रामुख्याने बाधित आहे. तेथे मूळ कारण उसाला दिले जाणारे अतिरिक्त पाणी आणि काळ्या भारी जमिनीचा मंद निचरा हे आहे. ऊस परवडेनासा झाला की अशा शेतात पुष्कळदा गहू घेतला जातो, कारण भाजीपाला व हरभऱ्यापेक्षा तो अधिक तग धरतो.

विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. त्याचे स्वरूप वेगळे आहे. तेथील चोपणपणा कालव्यांनी आणलेला नाही, तो नैसर्गिक आहे. भूजल खारे असल्याने विहिरीवर रब्बीचे पीक घेणे धोक्याचे ठरते. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या अभ्यासकांनी असे दाखवले आहे की, या फुगणाऱ्या काळ्या मातीत विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या बरेच खाली, ५ टक्क्यांच्या आसपास असतानाही पाणी मुरण्याची क्षमता घटू लागते. रिव्हरसाइडच्या वर्गीकरणानुसार ‘निर्दोष’ ठरलेल्या शेतातही गहू पिवळा पडू शकतो तो यामुळे.

महाराष्ट्राचे गव्हाचे हेक्टरी उत्पादन राष्ट्रीय सरासरीच्या बरेच खाली आहे. त्याचे मुख्य कारण आखूड हिवाळा, दाणे भरताना वाढणारे तापमान आणि अपुरे सिंचन हे आहे, क्षार नव्हे. बाधित तालुक्यांत मात्र हे दोन्ही ताण एकत्र येतात. क्षारांमुळे आधीच विरळ झालेल्या पिकाला फेब्रुवारीच्या उन्हात अधिक पाणी लागते, आणि उपलब्ध पाणी खारे असेल तर प्रत्येक पाळीबरोबर मुळांच्या कक्षेतील क्षार वाढतच जातात.